जिभेखालची गोळी: ब्राऊन शुगरच्या व्यसनावर घरी राहून उपचार कसे घ्यायचे

ब्राऊन शुगर (म्हणजे भेसळीचं हेरॉइन), कोडीनच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, ट्रामाडॉलच्या गोळ्या, पेंटाझोसिनची इंजेक्शनं ही सगळी अफूच्या जातकुळीतली नशा. घरातलं कुणी यात अडकलं की बहुतेक कुटुंबांना एकच वाट माहीत असते: केंद्रात भरती करायचं, दोन-तीन महिने ठेवायचं आणि बाहेर आल्यावर देवावर हवाला ठेवायचा. दुसरी वाट आहे, ती भारतात वीसहून अधिक वर्षं चालू आहे, आणि सरकारी केंद्रांत ती फुकट मिळते. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी रोज जिभेखाली विरघळवायची, ओपीडीत तपासणीला जायचं, घरी राहायचं, कामावर जायचं. मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशनाचं काम करते. तिथे येणारे नातेवाईक पहिल्या दिवशी जे विचारतात आणि त्यांना जे ठाऊक असायलाच हवं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

गरज किती मोठी आहे तेही पाहा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, अफूजन्य नशेमुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशी सुमारे ७७ लाख माणसं देशात आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त मोजक्या राज्यांत आहेत, आणि त्या यादीत पंजाब-दिल्लीच्या जोडीला महाराष्ट्रही आहे.

आधी नशा कोणती ते नक्की करा

हे उपचार फक्त अफूजन्य नशेवर चालतात. एमडी (मेफेड्रोन), गांजा किंवा हुंगायचं व्हाइटनर यांवर या गोळीचा उपयोग नाही. त्यांचे उपचार वेगळे असतात. मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलामची गोळी (घबराट कमी करणारं, गुंगी आणणारं औषध), तीही अफूच्या कुळातली नाही. पण ती इथे फार महत्त्वाची आहे, कारण अनेक मुलं दोन्ही एकत्र घेतात. ब्युप्रेनॉर्फिनवर अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम किंवा दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांपासून यातलं काहीही लपवू नका. आणि अल्प्राझोलाम रोजची असेल तर घरच्या घरी एकदम तोडूही नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

नशा कोणती ते मुलगा सांगत नसेल, तर टर्कीच्या खुणा बघा. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास. सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायात गोळे, पोटात मुरडा, जुलाब, रात्रभर तळमळ. हे सगळं एकत्र दिसलं तर बहुतेक वेळा ती अफूजन्य नशाच असते. लघवीच्या पट्टीवर मात्र सगळा भरवसा ठेवू नका. मॉर्फिन-हेरॉइन ओळखणारी साधी पट्टी ट्रामाडॉल पकडत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ म्हणून निर्धास्त झालेले आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत.

केंद्र शोधताना फोनवर काय विचारायचं

व्यसनासाठीची जास्त ताकदीची ब्युप्रेनॉर्फिन साध्या मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, परवानगी असलेल्या केंद्रातूनच मिळते. सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागापासून करा, नाहीतर जिल्हा रुग्णालयापासून. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची वेगळी ओएसटी केंद्रं (नशेच्या जागी औषध देणारी केंद्रं) आहेत. तिथे रोज जाऊन नर्सच्या समोर गोळी घ्यायची असते. जवळचं ठिकाण माहीत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर विचारा. दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.

फोनवर नुसतं ‘व्यसनमुक्ती होते का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. थेट विचारा: ब्युप्रेनॉर्फिन देता का? ओपीडीत देता का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात? गोळी किती महिने चालू ठेवता? शेवटच्या प्रश्नाला ‘दहा-पंधरा दिवसांत बंद करतो’ असं उत्तर आलं, तर ते फक्त टर्की उतरवतात. या लेखातले उपचार ते नव्हेत. आणि ज्या ठिकाणी माणसाला जबरदस्तीने उचलून नेतात, साखळीने बांधतात, मारतात, तिथे पाऊलही टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाचा समावेश आहे. अमानुष वागणुकीपासून संरक्षण आणि आजाराची गुप्तता हे रुग्णाचे हक्क आहेत.

पोलिसांची भीती हा दवाखान्याबाहेरच अडवणारा मोठा धोंडा. ओपीडीत नाव नोंदवलं म्हणून कुणी पोलिसांना कळवत नाही. उलट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. गुन्हा आधीच दाखल असेल तर वकिलाला या कलमाची आठवण करून द्या.

पहिली भेट

आधारकार्ड, जुने कागद आणि शक्यतो घरातलं एक माणूस सोबत घ्या. डॉक्टर काय, किती, कशातून, किती वर्षं, शेवटचं कधी हे विचारतील. पन्नीवर ओढतो की सुईने घेतो याचं खरं उत्तर द्या. यकृताची तपासणी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि स्त्री असेल तर गर्भधारणेची चाचणी करायला सांगतात. कावीळ सी निघाली म्हणून घाबरू नका. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिच्या गोळ्या मोफत मिळतात, आणि बहुतेकांची ती बारा आठवड्यांत पूर्ण बरी होते. रिपोर्ट यायचे आहेत म्हणून ब्युप्रेनॉर्फिन लांबणीवर टाकायची सहसा गरज नसते. रिपोर्टची वाट बघत घरी गेलेला माणूस परत येईलच असं नाही, त्यामुळे त्याच भेटीत गोळी सुरू करता येईल का, हे तुम्हीच विचारा.

पहिली गोळी: इथे घाई करायची नाही

सगळ्या उपचारांतली ही सर्वांत नाजूक पायरी आहे. पहिल्याच दिवशी ‘गोळीने जास्त त्रास झाला’ म्हणत पळून गेलेल्यांपैकी बहुतेकांची गोळी चुकीच्या वेळी पडलेली असते.

लोकलमध्ये खिडकीची जागा पकडून बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा. मेंदूत अफूजन्य पदार्थ ज्या जागी बसतात, तिथे ब्राऊन शुगर बसलेली असते. ब्युप्रेनॉर्फिनची त्या जागेवरची पकड तिच्याहून कितीतरी घट्ट. ती येते ती बसलेल्याला उठवूनच. पण स्वतः बसल्यावर ती अर्धवटच काम करते, टर्की थांबवते आणि तलफ शमवते, पण ब्राऊन शुगरसारखी ‘किक’ देत नाही. म्हणून अंगात ब्राऊन शुगर भरपूर असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतली, तर सगळ्या जागा एका झटक्यात रिकाम्या होतात आणि अर्ध्या-पाऊण तासात भयंकर टर्की उसळते. तीच जर जागा आधीच रिकाम्या झाल्यावर घेतली, तर तासाभरात माणूस शांत होतो.

म्हणजे पहिली गोळी टर्की चांगली सुरू झाल्यावरच घ्यायची. ब्राऊन शुगरच्या बाबतीत शेवटच्या सेवनानंतर साधारण १२ ते २४ तास. मेथाडोनसारखं (हेही अशाच उपचारांत वापरलं जाणारं अफूजन्य औषध) लांबवर टिकणारं काही घेत असेल तर त्याहून बराच जास्त वेळ लागतो. नुसतं घड्याळ पुरत नाही, शरीरही बघायचं. डॉक्टर किंवा नर्स नाडी मोजतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, जांभया, घाम, काटा, हातांचा कंप, अस्वस्थपणा यांना गुण देतात आणि बेरीज पुरेशी झाली की मगच गोळी काढतात.

म्हणून आदल्या संध्याकाळनंतर काही घ्यायचं नाही आणि सकाळी ओपीडी उघडताना हजर राहायचं. ही रात्र जड जाते. घरच्यांनी जागं राहावं, पाणी-सरबत देत राहावं. आणि सकाळी निघायच्या आधी पोराने ‘एकच शेवटची’ म्हणून ओढलीच, तर त्याला रागावून गप्प करू नका. ओढल्याचं नर्सला कळलं तर ती टर्की नीट सुरू होईपर्यंत थांबवेल किंवा उद्या बोलावेल. लपवलं तर पुढचे काही तास त्याचे फार वाईट जातील आणि तो पुन्हा या गोळीला हात लावणार नाही.

पहिल्या दिवशी बहुधा २ किंवा ४ मिलिग्रॅमने सुरुवात होते. तास-दोन तास बसवून ठेवतात. जांभया थांबल्या, पाय शांत झाले, पण त्रास थोडा उरला असेल तर आणखी एक देतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत मात्रा वाढत जाते.

गोळी घ्यायची पद्धत

ही गोळी गिळली तर जवळजवळ वाया जाते. पोटातून रक्तात पोचेपर्यंत यकृत तिचा बहुतेक भाग संपवून टाकतं. म्हणून ती जिभेखालीच ठेवायची. आधी एक घोट पाणी पिऊन तोंड ओलं करा. तंबाखू-गुटख्याचा तोबरा असेल तर थुंकून चूळ भरा. गोळी जिभेखाली ठेवल्यावर बोलायचं नाही, चघळायची नाही, लाळ गिळायची नाही. विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात. ओएसटी केंद्रात नर्स गोळी जाडसर कुटून देते आणि नंतर तोंड उघडायला लावते, जीभ वर, गाल बाजूला. हा अपमान समजू नका. गोळी गालात दाबून बाहेर नेऊन विकणारे किंवा पाण्यात विरघळवून सुईने घेणारे असतात, आणि त्या सुईने शिरा सडतात. काही केंद्रं नॅलोक्सोन (अफूजन्य नशेचा अंमल उतरवणारं औषध) मिसळलेली गोळी देतात तीही याच कारणाने. जिभेखाली नॅलोक्सोन काहीच करत नाही, सुईने घेतली की टर्की आणते.

गोळी पूर्ण विरघळली की पाण्याने खळखळून चूळ भरा. दात मात्र तासाभराने घासा. या गोळीने दात किडल्याची उदाहरणं समोर आल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तसा इशारा दिला आहे.

मात्रा आणि पहिले पंधरा दिवस

योग्य मात्रा ओळखायची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत टर्की येत नाही, तलफ सहन होते आणि माणूस पेंगतही नाही. जगभरात बहुतेकांची मात्रा ८ ते १६ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कमी मात्रेत समाधान मानतात, ‘जास्त दिली तर सवय लागेल’ म्हणून. माझ्या मते ही खोटी काटकसर आहे. संध्याकाळी पाय दुखायला लागले आणि तलफ आली की तो नाक्यावर जाणारच. रात्री झोप येत नाही, चार वाजता घाम फुटतो, असं काही असेल तर डॉक्टरांना नेमकी वेळ सांगा. ‘बरं नाही वाटत’ एवढ्यावरून मात्रा ठरवता येत नाही.

बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो. इसबगोल, भरपूर पाणी, पेरू-पालेभाज्या आणि गरज पडली तर औषध. घाम, डोकेदुखी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. मात्रा बसेपर्यंत बाईक किंवा रिक्षा चालवू नये, उंचावरचं काम करू नये. झोप मात्र सावकाश सुधारते, त्यासाठी मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली’

हे वाक्य सासू बोलते, भाऊ बोलतो, कधी कधी फॅमिली डॉक्टरही बोलतात. उत्तर सरळ आहे. शरीराला या गोळीची सवय होते, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण ब्राऊन शुगरचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून माणूस दिवसातून तीन-चार वेळा पैसे आणि माल यांच्या मागे धावतो. ब्युप्रेनॉर्फिन दिवसभर, बरेचदा दीड दिवस टिकते. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी तिचा परिणाम वाढत नाही. सकाळी गोळी घेऊन माणूस गॅरेजवर जातो, पगार घरी आणतो, मुलीला शाळेतून आणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहू दिली आणि चार वर्षांत अतिसेवनाने होणारे मृत्यू तिथे तीन-चतुर्थांशाहून जास्त घटले. पंजाबनेही २०१७ मध्ये अशा ओपीडी उघडायला सुरुवात केली.

गोळ्या घरी मिळू लागल्यावर

तब्येत आणि हजेरी नीट असेल तर काही केंद्रं घरी न्यायला गोळ्या देतात, आधी एक-दोन दिवसांच्या, मग आठवड्याच्या. त्या कुलपात ठेवा. किल्ली आईकडे किंवा बायकोकडे, आणि रोजची गोळी तिच्यासमोर घ्यायची. लहान मुलाच्या हाती एक गोळी लागली तरी त्याचा श्वास थांबू शकतो. देव्हाऱ्यात, फ्रिजवर, पँटच्या खिशात ठेवलेली गोळी सुरक्षित नसते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्यायची, दुप्पट नाही. सलग तीन-चार दिवसांचा खाडा पडला तर आपल्या मनाने पूर्ण मात्रा सुरू करू नका, केंद्रात जा. मध्ये ब्राऊन शुगर घेतली असेल तर पहिल्या दिवसाचाच नियम पुन्हा लागतो.

पुन्हा ओढली तर

असं बहुतेकांच्या बाबतीत केव्हा ना केव्हा होतं. घरच्यांनी घराबाहेर काढू नये आणि केंद्रानेही गोळी बंद करू नये. लघवीत नशा सापडली म्हणून औषध तोडणाऱ्या जागा आहेत. मला ते अजिबात मान्य नाही, कारण ज्या दिवशी त्याला औषधाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच दिवशी ते काढून घेतलं जातं. मात्रा कमी पडते का, पगाराच्या दिवशी घेतो का, ठराविक मित्र भेटला की घेतो का, हे शोधायचं. उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेरच्या काळापेक्षा निम्म्याहूनही कमी असतं, हे वेगवेगळ्या देशांत दिसून आलं आहे.

अतिसेवनाची चिन्हं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत: डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ-नखं निळसर, घशात घरघर, हाक मारून आणि हलवूनही जाग नाही. १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते स्पष्ट सांगा, म्हणजे नॅलोक्सोनचं इंजेक्शन तयार ठेवता येतं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, थंड पाण्याचे हबके यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

नाल्ट्रेक्झोन कुणासाठी

ही वेगळ्या जातीची गोळी. ती मेंदूतल्या त्या जागा बंदच करते, त्यामुळे वर नशा घेतली तरी चढत नाही. सवय लागत नाही म्हणून घरच्यांना ही जास्त आवडते. पण सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस अंगात अफूजन्य काहीच नको, आणि रोज कुणीतरी समोर बसून द्यावी लागते. नोकरी टिकून आहे, घरचं पाठबळ आहे, नियमित घेईल अशा माणसाला ती जमते. बाकीचे ती चार दिवसांत सोडतात, आणि सोडल्यावर पूर्वीइतकीच ब्राऊन शुगर घेतली तर तेवढी अंगाला सोसत नाही.

बाई, ऑपरेशन, प्रवास

गर्भवती असेल तर नशा किंवा गोळी एकदम तोडू नका. ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवून बाळंतपण होतं. बाळाला काही दिवस टर्की येऊ शकते, तिच्यावर उपचार आहेत, म्हणून प्रसूती रुग्णालयातच करा आणि डॉक्टरांना आधी सांगा. अंगावर पाजताही येतं. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला गोळीचं नाव आणि मात्रा सांगा. गणपतीला कोकणात किंवा लग्नाला गावी जायचं असेल तर दोन आठवडे आधी केंद्रात सांगा, म्हणजे जास्तीच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी मिळते का ते बघता येतं. दुबईला जाणाऱ्यांनी नुसत्या चिठ्ठीवर निघू नये, तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

बंद कधी करायची

पहिल्या महिन्यातच विचारला जाणारा प्रश्न. वर्षाच्या आत बंद करायचा विचार करू नका. अनेकांना दोन-तीन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि वरची मर्यादा अशी काही नाही. लग्न ठरलंय, बाहेरगावी नोकरी लागलीय, नातेवाईक काय म्हणतील, ही बंद करायची कारणं नव्हेत. कित्येक महिने एकदाही नशा नाही, काम नियमित आहे, जुने मित्र सुटलेत आणि रुग्णाला स्वतःला वाटतंय, असं असेल तर डॉक्टरांशी बोला.

उतरवायची ती महिन्यामहिन्याने, थोडी थोडी. वरची मात्रा सहज उतरते, शेवटचे २ मिलिग्रॅम सर्वांत जड जातात. तिथे ०.४ किंवा ०.२ मिलिग्रॅमच्या छोट्या पायऱ्या घ्याव्या लागतात. झोप उडाली किंवा तलफ परतली तर एक पायरी वर चढायचं आणि महिनाभर तिथेच थांबायचं. पूर्ण बंद झाल्यावरही वर्षभर महिन्यातून एकदा ओपीडीत या, केसपेपर फाडू नका. या काळात शरीराची सहनशक्ती गेलेली असते, पूर्वी रोज पचणारी पुडी आता जीव घेऊ शकते. हे त्याला आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तलफ आली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ओपीडीत या. गोळी पुन्हा सुरू करता येते.